बहुरूपी गाव

मुलांनो, तुमच्या गावात बहुरूपी येतो का? आमच्या लहानपणी यायचा. एके दिवशी पोलीस होऊन दारात उभा राहायचा आणि खोटी शिट्टी फुंकून आम्हांला घाबरवायचा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, तिसऱ्या दिवशी लंगडी म्हातारी. शेवटच्या दिवशी साध्या कपड्यांत, रंग पुसून, सुपातले दाणे मागायला यायचा आणि गंमत म्हणजे तेव्हाच तो आम्हांला ओळखू यायचा नाही!

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी एक अख्खं गावच बहुरूपी असलेलं पाहिलं. गाव आहे इंग्लंडात. नाव लेकॉक. पण तिथं कशी पोचले ते आधी सांगते, कारण त्यामागे आमच्या चौथीच्या वर्गाचा हात आहे.

मी वाईजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या भागाला शूटिंगचं नवल नाही. मेणवलीला कृष्णेकाठी नाना फडणवीसांनी घाट बांधला. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटात तोच घाट उत्तर प्रदेशातल्या 'चरणपूर' नावाच्या खेड्याचा झाला. २००३च्या 'गंगाजल'मध्ये आमचा मुलूख बिहार झाला, २०१०च्या 'दबंग'मध्ये वाई उत्तर प्रदेशातलं लालगंज झाली. इथल्या पोरांना हिरो-हिरॉइनपेक्षा जनरेटरची गाडी जास्त ओळखीची!

आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या आजीची ओसरी अशीच एका सिनेमासाठी घेतली होती. कुठल्या, ते सांगत नाही. पैसे मिळाले, ते वेळेवर मिळाले. पण खांबाला भलत्याच गावाची पाटी ठोकली गेली, तुळशीवृंदावनावर गोणपाट पडलं आणि मंडळी गेल्यावर खिळे तसेच राहिले. पुढं सिनेमा टीव्हीवर लागला. सगळं घर डोळ्यांत तेल घालून बसलं. ओसरी दिसली दोन मिनिटं. आजी उठून आत गेल्या आणि म्हणाल्या, "घर माझं, नि नाव दुसऱ्याच गावाचं!"

माझी ताई इंग्लंडमध्ये स्विंडन नावाच्या शहरात राहते. मी सुटीत तिच्याकडे जाणार, हे कळल्यावर वर्गानं मला एक चिठ्ठी दिली. वहीचा कागद फाडून त्यावर तीन प्रश्न लिहिलेले. पहिला : हॅरी पॉटरची शाळा खरी आहे का? दुसरा : असेल तर तिथं चौथीला किती मुलं आहेत? (हा माझ्याच शिकवण्याचा परिणाम. पटसंख्या मी रोज फळ्यावर लिहायला लावते.) तिसरा प्रश्न त्या ओसरीवाल्या मुलाचा होता. 'शूटिंग झाल्यावर गावाला काय मिळतं?'

चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि निघाले.

स्विंडन हे तसं रेल्वेच्या कारखान्यांमुळे वाढलेलं शहर. तिथं गोव्याची माणसं इतकी आहेत, की बाजारात पहिल्याच दिवशी पाठीमागून कोंकणी ऐकू आली आणि मी चमकून वळले. ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, अकरा वर्षांची. हॅरी पॉटर तिला तोंडपाठ. चिठ्ठी तिच्या हातात दिली तर ती म्हणाली, "मावशी, हे तर सोप्पं आहे. आपण लॅकॉकला... नाही नाही, तू तसं म्हणू नकोस हं, 'लेकॉक' म्हणायचं!" मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

एका शनिवारी आम्ही दोघी आणि ताई आगगाडीनं चिपनमला उतरलो आणि तिथून बसनं निघालो. पाच-सहा किलोमीटरचाच रस्ता. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, मेंढ्या, मध्ये पांढऱ्या फुलांची कुंपणं. बस गावाबाहेर थांबली. आम्ही वळणावरून आत शिरलो आणि मी जागीच उभी राहिले.

गाव लहान आहे. चारच मुख्य गल्ल्या, त्यांचा साधारण चौकोन होतो. अर्ध्या तासात फिरून होईल. पण घरं! कुठलं दगडी, कुठलं विटांचं, तर कुठल्या घराचा लाकडी सांगाडा बाहेरूनच दिसतोय आणि मधले कप्पे चुन्यानं सारवलेले. जवळ जाऊन पाहिलं तर ओळख पटली. अहो, हा तर आपला कूड! काठ्यांची वीण करायची, तिच्यावर माती, शेण, गवताचा गिलावा थापायचा. तिकडच्या सुतार-गवंड्यांनीही शेकडो वर्षांपूर्वी नेमकं तेच केलेलं. काही घरं चौदाव्या-पंधराव्या शतकातली आहेत. छपरं मध्येच खचलेली, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखी. दारं इतकी बुटकी, की उंच माणसानं वाकूनच आत जावं.

"मावशी, इथं काय *नाही* ते ओळख," भाची म्हणाली.

मी खूप पाहिलं. मला सुचेना. तुम्हीही जरा विचार करा.

विजेच्या तारा नाहीत! खांब नाहीत. छपरांवर टीव्हीच्या अँटेना नाहीत. इंग्लंडात रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या करू नयेत म्हणून पिवळे पट्टे ओढलेले असतात, तेही नाहीत. वीज आहे, टीव्ही आहे, पण ते सगळं डोळ्यांआड. म्हणून सिनेमावाल्यांचं काम निम्मं झालेलं असतं. उरलेल्या निम्म्यात ते डांबरी रस्त्यावर माती पसरतात, दुकानांच्या पाट्या बदलतात, उभ्या असलेल्या मोटारी बाहेर न्यायला सांगतात. मग घोडागाडी आली, की झालं अठरावं नाहीतर एकोणिसावं शतक!

१९९५ साली बी.बी.सी.नं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही मालिका केली. तुमच्या आई-बाबांना किंवा ताई-दादांना विचारा, जेन ऑस्टिनची ती प्रसिद्ध कादंबरी आहे. त्या वेळी लेकॉकनं 'मेरिटन' नावाच्या गावाचं सोंग घेतलं. २००७च्या मालिकेत ते 'क्रॅनफर्ड' झालं. २०१९च्या 'डाउन्टन ॲबी' चित्रपटात तर इथल्या हमरस्त्यावरून राजासमोर घोडदळाचं संचलन झालं. आणि 'हॅरी पॉटर अँड द हाफ-ब्लड प्रिन्स' (२००९) या चित्रपटात प्रोफेसर स्लगहॉर्न लपून बसलेला असतो ना, ते घर इथलंच. हॅरीच्या आई-वडिलांचं घर म्हणून पहिल्या चित्रपटात दिसतं, तेही इथलंच, चर्चच्या गल्लीतलं. त्या घरासमोर भाची इतका वेळ उभी राहिली, की ताईला तिला हात धरून न्यावं लागलं.

गावाच्या एका टोकाला ओढा आहे. त्याच्यातून गाड्यांसाठी उतार आहे आणि पायी जाणाऱ्यांसाठी बाजूला छोटा दगडी पूल. मध्यावर एक मोठं कोठार आहे, चौदाव्या शतकातलं. शेतकऱ्यांनी पिकाचा दहावा हिस्सा मठाला द्यायचा आणि तो इथं साठवायचा, अशी रीत होती. कोठाराला लागून एक घुमटी कोठडी आहे. तिला खिडकीच नाही, म्हणून 'आंधळं घर' म्हणतात. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला रात्रभर त्यात कोंडायचे. ताई म्हणाली, "आपल्याकडं यात्रेत उपयोगी पडेल."

एका घराच्या दाराशी लहानसं कपाट होतं. आत अंड्याच्या पांढऱ्याची गोड, कुरकुरीत मिठाई ठेवलेली आणि शेजारी पैशांचा डबा. दुकानदार कोणी नाही! हवं ते घ्या, पैसे डब्यात टाका. आम्ही तीन घेतल्या. मी पैसे दोनदा मोजून टाकले, न जाणो, आपल्या देशाचं नाव जायचं!

त्याच गल्लीत एक आजीबाई कुंडीतली सुकलेली फुलं खुडत होत्या. आम्ही घराकडे टक लावून पाहतोय हे बघून त्या हसल्या. मला त्यांचे उच्चार समजेनात, म्हणून भाची दुभाषी झाली. त्यांनी सांगितलं, की दिवसासुद्धा त्यांना पडदा ओढून ठेवावा लागतो, कारण येणारी-जाणारी माणसं काचेला नाक लावून आत बघतात. एकदा एक कुटुंब चक्क दार उघडून स्वयंपाकघरात आलं. त्यांना वाटलं, हे संग्रहालयच आहे!

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"त्यांना चहा विचारला. करते काय!"

त्यांचं घर एका मालिकेत टोप्यांचं दुकान झालं होतं. रस्त्यावर पसरलेला चिखल म्हणे आठवडाभर पायांना लागून घरात येत होता. मालिका लागली तेव्हा काय वाटलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी आधी माझी खिडकी शोधली. गोष्ट काय होती, ते दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा कळलं."

मला एकदम आमच्या ओसरीवाल्या आजी आठवल्या.

आता तुम्ही विचाराल, की हे गाव असं जुनंच्या जुनं राहिलं कसं? तिथली माणसं फार हौशी होती का? तसं काही नाही. जुन्या काळी लेकॉक लोकरीच्या व्यापारावर पोसलं होतं. लंडनहून पश्चिमेकडे जाणारी वाट इथून जायची, बाजार भरायचा. हमरस्ता एवढा रुंद आहे तो त्या बाजारामुळंच. मग लोकरीचा धंदा बसला. वाहतूक दुसरीकडून जाऊ लागली. रेल्वे आली ती चिपनमला. लेकॉककडे पैसाच उरला नाही, मग नवी घरं बांधणार कोण? शिवाय बहुतेक सगळं गाव एकाच घराण्याच्या मालकीचं. टालबट हे त्यांचं आडनाव. राहणारे सगळे भाडेकरू. भाडेकरू भिंत पाडून स्लॅब टाकू शकत नाही! म्हणजे बघा, आज आपण ज्याला 'किती सुंदर' म्हणतो, त्याच्या मागे थोडी गरिबी आहे आणि थोडा नाइलाजही आहे. हे पोस्टकार्डावर छापलेलं नसतं.

१९४४ साली या घराण्यातल्या माटिल्डा टालबट या बाईंनी आपला वाडा आणि जवळजवळ सगळं गाव 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेला देऊन टाकलं. जुन्या वास्तू आणि निसर्गस्थळं सांभाळणारी ही संस्था १८९५ साली स्थापन झाली. तेव्हापासून गावाची मालक ही संस्था. त्या आजीबाईही भाड्यानंच राहतात. दाराला कुठला रंग द्यायचा, हेसुद्धा आपल्या मनानं ठरवता येत नाही, म्हणाल्या. मला क्षणभर वाटलं, हे काही बरोबर नाही. मग आमच्या गावातला वाडा आठवला. त्याला पंधरा-सोळा वारस. कोणी पुण्याला, कोणी मुंबईला. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर दहा वर्षं वाद. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मागची बाजू बसली. पाडणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा? वाळवी खाल्लेल्या तुळईखाली लेकरं झोपवून दाखवा म्हणावं! तेव्हा दारावरच्या रंगाचं मला एवढं काही वाटेना.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू या. हॅरी पॉटरची शाळा!

गावाला लागूनच लेकॉक ॲबी आहे. ॲबी म्हणजे मठ. १२३२ साली इला नावाच्या एका सरदारपत्नीनं, पती वारल्यावर, स्त्रियांसाठी हा मठ स्थापन केला आणि पुढं ती स्वतःच त्याची प्रमुख झाली. तीनशे वर्षं इथं साध्वी राहिल्या. मग राजा आठवा हेन्री यानं देशभरातले मठ बंद केले. हा बंद झाला १५३९ साली. तो ७८३ पौंडांना विकत घेतला विल्यम शॅरिंग्टन यानं. या गृहस्थांनी मठाचं चर्च पाडलं, पण खालच्या ओवऱ्या तशाच ठेवून त्यांच्यावर आपला वाडा चढवला. (पुढं हेच महाशय टांकसाळीत नाण्यांची लबाडी केली म्हणून पकडले गेले. सुटले, हेही खरं!)

त्या ओवऱ्यांत आम्ही शिरलो. बाहेर ऊन होतं, आत एकदम गार. मधोमध चौकोनी हिरवळ आणि चारी बाजूंनी कमानींचे दगडी बोळ. वर छताला दगडाच्या फासळ्या, जणू उलटी ठेवलेली होडी. जिथं फासळ्या एकत्र येतात तिथं कोरलेले चेहरे, प्राणी, पानं. भाचीचा आवाज आपोआप खाली आला. "मावशी, हाच हॉगवर्ट्सचा बोळ!"

पहिल्या दोन हॅरी पॉटर चित्रपटांचं (२००१ आणि २००२) काही शूटिंग इथं झालं. मुलं ज्या बोळांतून जातात ते हे. बाजूच्या एका खोलीत प्रोफेसर क्विरेलचा वर्ग भरला. ती मठातली शेकोटीची खोली. थंडीत साध्वींना ऊब मिळायची ती तिथंच. खोलीत एक भलंमोठं ओतीव भांडं आहे, सन १५०० मधलं. मला तर थेट गुऱ्हाळातली काहील आठवली. सिनेमावाल्यांनी ते आणलं असेल असं वाटतं, पण ते आधीपासूनच तिथं होतं! दुसऱ्या एका खोलीत प्रोफेसर स्नेपचा वर्ग, तिसऱ्या खोलीत तो जादूचा आरसा, ज्यात हॅरीला आई-बाबा दिसतात. आता आरसा वगैरे काही नाही. रिकामी दगडी खोली, फरशीवर उन्हाचा पट्टा.

पण थांबा. हॉगवर्ट्स एवढंच नाही. त्याचे आणखी बोळ आहेत ग्लॉस्टरच्या मोठ्या चर्चमध्ये. काही भाग उत्तरेला डरहॅमच्या चर्चमध्ये. झाडूवर बसायचं शिकवतात ते पटांगण अ‍ॅनिक किल्ल्याचं, पार स्कॉटलंडच्या वाटेवर. आणि मोठा जिना ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात. म्हणजे एका शाळेचे तुकडे साऱ्या देशात विखुरलेले. आपल्या गोधडीसारखं. निरनिराळ्या साड्यांचे तुकडे, पण शिवणारीनं असे जोडलेत की वाटावं एकच कापड.

मला वाटलं, आता पाहून झालं. पण खरी गंमत पुढंच होती.

ओवऱ्यांच्या वरच्या मजल्यावर लांबट दालन आहे. त्याच्या मधल्या भिंतीत बाहेर डोकावणारी एक खिडकी आहे. गवाक्षच म्हणा ना. छोट्या छोट्या काचांच्या चौकटी, शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेल्या. फार मोठी नाही. माणसं येत होती, एक फोटो काढत होती, पुढं जात होती. मीही जाणार होते. ताईनं थांबवलं. "अगं, शिक्षिका ना तू? या खिडकीपाशी जरा उभी राहा."

मुलांनो, आज जगात टिकून असलेली सगळ्यांत जुनी निगेटिव्ह या खिडकीची आहे!

टालबट घराण्यातला विल्यम हेन्री फॉक्स टालबट (जन्म १८००, मृत्यू १८७७) हा मोठा अभ्यासू माणूस. गणित, वनस्पतिशास्त्र, जुन्या लिपी, सगळ्यांत रस. फक्त एक गोष्ट त्याला येत नसे. चित्र काढणं! १८३३ साली तो बायकोबरोबर इटलीत कोमो सरोवराकाठी होता. सोय म्हणून त्यानं एक काचेचं उपकरण घेतलं होतं. त्यातून बघितलं की समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसतं, आपण फक्त गिरवायचं. टालबटला तेही जमेना. तेव्हा त्याच्या मनात आलं, की प्रकाशानंच स्वतःचं चित्र स्वतः कागदावर उमटवलं तर?

घरी लेकॉकला येऊन तो मागे लागला. साधा कागद आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचा, मग त्यावर सिल्व्हर नायट्रेट लावायचं. असा कागद उन्हात काळा पडतो. त्यावर पान ठेवलं, तर पानाखालचा भाग पांढरा राहतो. मग त्यानं गावातल्या सुताराकडून लहान लहान लाकडी पेट्या करून घेतल्या, एका बाजूला भिंग, आत कागद. या पेट्या तो वाड्याभोवती ठिकठिकाणी मांडून ठेवी. त्याची बायको कॉन्स्टन्स त्यांना 'उंदरांचे सापळे' म्हणायची!

१८३५च्या ऑगस्टमध्ये एका सापळ्यात ही खिडकी सापडली. टपालाच्या तिकिटाएवढा कागदाचा तुकडा. त्यावर खिडकी उलट उमटलेली, म्हणजे उजेड काळा आणि चौकट पांढरी. टालबटनं शेजारी लिहून ठेवलं आहे, की भिंगातून पाहिल्यास सुरुवातीला काचांचे सुमारे २०० चौकोन मोजता येत होते. काय धीराचा माणूस, मोजत बसला! १८३९ साली फ्रान्समध्ये दाग्येरनं आपली पद्धत जाहीर केली, तेव्हा टालबटनंही घाईघाईनं आपली जाहीर केली. दाग्येरचं चित्र जास्त स्पष्ट होतं, पण ते एकुलतं एक. टालबटच्या एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता येत. पुढं सिनेमाच्या रिळाची निगेटिव्ह आली, ती याच युक्तीवर. हॅरी पॉटर ज्या ओवऱ्यांत चालला, त्यांच्या बरोबर वर ही खिडकी आहे.

मी चिठ्ठी काढून तिसरा प्रश्न पुन्हा वाचला. मग खिडकीच्या काचा मोजायला लागले. भाचीही मोजायला लागली. आमचे आकडे जुळले नाहीत. पुन्हा मोजले, पुन्हा जुळले नाहीत. तेवढ्यात मागं रांग झाली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी वर्गाला सगळं सांगितलं. हॉगवर्ट्स एका जागी नाही, हे कळल्यावर थोडा वेळ उदास शांतता. चौथीची पटसंख्या शून्य, हे फळ्यावर लिहिलं. मेणवलीची घंटा तुम्ही पाहिली आहे का, असंही विचारलं. निम्म्या मुलांना 'स्वदेस'मधला घाट माहीत होता. पण वसईच्या पाडावानंतर पोर्तुगीज चर्चमधून आणलेली घंटा त्याच घाटावरच्या देवळापाशी टांगली आहे, तिच्यावर १७०७ हे साल आहे, हे दोघांनाच ठाऊक होतं. मग पाऊस ओसरल्यावर आम्ही चालत गेलो आणि वर्गानं ते साल स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी देऊ शकले नाही. भाडं मिळतं, गर्दी मिळते, पाहुणे स्वयंपाकघरात शिरतात, असं काय काय सांगितलं. तो मुलगा ऐकत होता, पण त्याला ते पुरलं नाही, हे मला दिसलं.

ऑक्टोबरच्या कडक उन्हात आम्ही टालबटचा खेळ केला. सिल्व्हर नायट्रेट कुठून आणणार? पतंगाचा स्वस्तातला जांभळा कागद घेतला. त्यावर पानं ठेवली, वर काच, आणि शाळेच्या कठड्यावर ऊन खायला ठेवून दिलं. आठ दिवसांनी कागद विटला आणि पानाखालचा भाग तेवढा जांभळा राहिला. तुम्हीही करून पाहा. मात्र काच मोठ्या माणसांकडून ठेवून घ्या आणि दंव पडायच्या आत कागद रोज घरात न्या, नाहीतर आमच्यासारखे पहिले चार वाया जातील.

ओसरीवाल्या मुलानं पान ठेवलं नव्हतं. त्यांच्या ओसरीच्या पडलेल्या महिरपीचा एक नक्षीदार लाकडी तुकडा आजींनी फडताळात जपून ठेवला आहे. त्यानं तो ठेवला होता. नक्षी छान उमटली, कमळाच्या पाकळ्यासुद्धा दिसत होत्या. संध्याकाळी तो कागद घेऊन आम्ही दोघं आजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "खाली गावाचं नाव नाही लिहिलं ते?"

मुलगा पेन आणायला आत पळाला.